फोन वाजल्यापासून अ‍ॅम्ब्युलन्सचं दार लागेपर्यंत : डोंगरातल्या रेस्क्यूचं काम शिकताना

पावसाळ्यातल्या रविवारी पहाटेच्या कर्जत लोकलमध्ये सॅक घेतलेल्या पोरापोरींची गर्दी दिसली की मन सुखावतं. त्याच वेळी मी संध्याकाळचे कार्यक्रम मनातल्या मनात रद्द करून टाकतो. फोन येतो तो बहुधा दुपारी तीननंतर. उतरताना दमलेले पाय घसरतात, अंधार पडेल या धास्तीने लोक दिसेल त्या नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, शिरतात, आणि वाट चुकल्याचं कळतं तेव्हा धुकं खाली उतरलेलं असतं.

मी डोंबिवलीत राहतो, नोकरी मुंबईत करतो, आणि गेली बरीच वर्षं डोंगरात जखमी झालेल्या, अडकलेल्या माणसांना खाली आणणाऱ्या स्वयंसेवकांत आहे. या कामात यायची इच्छा असलेले नवे लोक पहिला प्रश्न विचारतात तो दोराबद्दल. पण बहुतेक कॉलमध्ये दोर पिशवीतून बाहेरही निघत नाही. निघतं ते स्ट्रेचर, आणि त्याच्याही आधी वही-पेन्सिल. हा लेख त्याच क्रमाने लिहितो आहे.

आपली जागा कुठे, हे आधी समजून घ्या

मुंबईहून निघालेला माणूस घटनास्थळी सहसा पहिला पोचत नाही. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचं यशवंती हायकर्स असे गट डोंगराच्या कुशीतच राहतात. त्यांच्याही आधी पायथ्याच्या वाडीतली माणसं पोचलेली असतात. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा दोर लावून खाली उतरले ते महाबळेश्वर-पोलादपूर पट्ट्यातले ट्रेकर्स. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. तिथे गाडी जाणारा रस्ताच नव्हता, मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत. चढून गेलेल्यांनी फावड्यांनी आणि हातांनी माती उपसली.

मग मुंबईकराचं काम काय? दुसऱ्या फळीचं. पहिली तुकडी थकते तेव्हा ताजे खांदे लागतात, जादा स्ट्रेचर लागतं, शहरातल्या रुग्णालयात बोलून ठेवणारा, नातेवाइकांना सांभाळणारा माणूस लागतो. या सगळ्या गटांचा मेळ घालायला अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाचं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. परस्पर निघू नका. जो गट समन्वय करतोय त्याने बोलावलं तरच निघा. न बोलावता आलेले वीस उत्साही लोक म्हणजे पायथ्यावर सांभाळायची आणखी वीस माणसं.

तयारी

एखाद्या जुन्या क्लबात जा. १९५४ साली सुरू झालेला गिरिविहार मुंबईतच आहे, मुलुंडचे चक्रम हायकर्स आहेत. किमान वर्षभर त्यांच्याबरोबर भटका, मगच रेस्क्यूचं नाव काढा. सुट्टी जमवता आली तर उत्तरकाशीच्या किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेतला बेसिक कोर्स करा. तो बर्फातला असला तरी गाठी, शिस्त आणि तुकडीत राहण्याची सवय तिथे लागते. दोराचा सराव मुंब्र्याच्या किंवा बेलापूरच्या कातळावर होतो. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मात्र टाळताच येणार नाही, आणि ते दर दोन वर्षांनी पुन्हा घ्या, कारण न वापरलेलं विसरतंच.

शरीराची तयारी आपल्या इमारतीच्या जिन्यावरच करा. सॅकमध्ये दहा-दहा लिटरचे दोन पाण्याचे कॅन घालून सात मजले चढा, आणि मुख्य म्हणजे तसेच उतरा. रेस्क्यूमध्ये ओझं घेऊन उतरायचं असतं, गुडघ्यांची परीक्षा तिथे होते. हे जमायला लागलं की रात्री, फक्त डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात, माहितीतला एखादा गड उतरून पाहा.

सॅक दाराजवळ भरून ठेवा: हेल्मेट, हेडटॉर्च आणि जादा सेल, शिट्टी, चामड्याचे हातमोजे, तीन लिटर पाणी, चिक्की-खजूर, प्लास्टिकमध्ये बांधलेला एक कोरडा टी-शर्ट, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, मोठं मेणकापड, पॉवर बँक. वहीबरोबर पेन्सिलच हवी, पावसात पेन चालत नाही.

फोन

माझ्या मते अर्धं रेस्क्यू इथेच होतं किंवा इथेच फसतं.

फार पूर्वी ढाकच्या बहिरीचा एक कॉल मी घेतला होता. मुलगा रडत होता, मित्र पडलाय म्हणत होता. त्या डोंगरावर दोन बाजूंनी चढता येतं. मी 'ढाक' ऐकलं, कर्जतची तुकडी आपल्या बाजूच्या सांडशी गावाकडे धावली. ती मुलं चढली होती कामशेतकडून, जांभिवलीच्या वाटेने, आणि त्याच बाजूच्या जंगलात होती. 'कुठून चढलात?' हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. तीन तास गेले. मुलगा वाचला, पण ते तीन तास तो पावसात पडून होता, आणि ती माझी चूक होती. तेव्हापासून प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत, आणि फोन उचलला की ते पान उघडतो.

पहिला प्रश्न हाच: कोणत्या गावातून चढलात? राजमाची म्हटलं तर लोणावळ्याची बाजू की कोंदिवड्याची? भीमाशंकर म्हटलं तर खांडसवरून शिडी घाट की गणेश घाट? मग : शेवटची ओळखीची खूण कोणती लागली? टाकं, गुहा, देऊळ, शिडी, झेंडा, विहीर. ती लागून किती वेळ झाला? आता समोर काय दिसतंय, पाण्याचा आवाज येतोय का, कुठल्या बाजूने? माणसं किती, जखमी किती? शुद्धीत आहे का, बोलतोय का, रक्त थांबलंय का? बॅटरी किती टक्के? अंगावरचे कपडे कोणत्या रंगाचे?

त्यानंतर लोकेशन. बहुतेकांना वाटतं की रेंज नसली की लोकेशन मिळतच नाही. फोनचं जीपीएस रेंजशिवाय चालतं. नकाशाचं अ‍ॅप उघडून निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरायला सांगा. दोन आकडे दिसतील, ते साध्या एसएमएसने पाठवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅप गोल फिरत बसतं, तिथे एसएमएस जातो. आकडे आले की आधी तपासा. कर्जत, लोणावळा, मुरबाड, माळशेज या भागात पहिला आकडा १८ किंवा १९ ने सुरू होतो आणि दुसरा ७३ ने. तसं नसेल तर काहीतरी चुकलंय, पुन्हा मागा. आणि आकडे वाचून दाखवायला सांगताना एकेक अंक सुटा म्हणायला लावा. 'त्र्याहत्तर' आणि 'त्रेसष्ट' यांत घाबरलेल्या माणसाचा हमखास घोटाळा होतो.

आता सूचना द्या, थोड्या आणि ठाम. आहात तिथेच थांबा. एकच फोन चालू ठेवा, बाकीचे बंद. त्या फोनवर घरच्यांचे, मित्रांचे फोन घेऊ नका. जखमीच्या अंगाखाली सॅक, मॅट, पाला, जे असेल ते घाला, कारण थंडी खालून येते. मिनिटात सहा शिट्ट्या वाजवा, मग मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. उत्तर म्हणून तीन ऐकू आल्या की समजा आम्ही जवळ आहोत. आणि पुढचा फोन किती वाजता करणार ते सांगा, आणि त्या मिनिटाला कराच. अंधारात बसलेल्या माणसाला त्या फोनचा केवढा आधार असतो, ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

तुम्हीच अडकलात आणि आमच्यापैकी कुणाचा नंबर नसेल तर ११२ लावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो.

निघण्याआधी

पोलीस ठाण्याला कळवा, १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स पायथ्यावर मागवून ठेवा. जखमी खाली आल्यावर अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करणं म्हणजे चार तासांची मेहनत तासभर रस्त्यावर बसवून ठेवणं. किती वाजेपर्यंत येईल याचा अंदाज जास्तच धरून सांगा. ऑफिस करून आलेला, न झोपलेला माणूस गाडी चालवणार नाही, हा आमच्यात नियम आहे. डोंगरात कुणीही एकटा शिरणार नाही, हाही.

पायथा

गाडीतून उतरलात की सॅक पाठीवर टाकून धावू नका. पोलीस पाटलांचं घर विचारा. ठाकर वाडी असेल, कातकरी वस्ती असेल, महादेव कोळ्यांचं गाव असेल, तिथल्या एखाद्या मामांना त्या डोंगरातली ढोरवाटसुद्धा पाठ असते. तुमच्या मोबाइलच्या नकाशात नसलेली नाळ त्यांना माहीत असते, आणि ती पावसात चालते की नाही हेही. रात्रीची रानातली वाट दाखवायला ते शब्द न काढता निघतात. त्यांना हेडटॉर्च द्या, जेवण आपल्यासोबत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची मजुरी बुडणार असेल तर तीही द्या. वर्तमानपत्राच्या बातमीत आमचं नाव येतं, त्यांचं येत नाही, हे मला आजही सलतं.

एक माणूस वही घेऊन पायथ्यावरच थांबतो. कोण किती वाजता वर गेलं, काय घेऊन गेलं, कोण परत आलं. त्याला वर जाऊन मदत करण्याचा कितीही मोह झाला तरी त्याने जागा सोडायची नाही. नातेवाईक आले की तेही त्याच्याशीच बोलतात. त्यांना खोटा धीर देऊ नका. 'माणसं पोचली आहेत, पुढची खबर दहा वाजता सांगतो' एवढं सांगा आणि दहाला सांगा.

जखमीपाशी पोचल्यावर

पहिली तुकडी हलकी असते: तिघे-चौघे, प्रथमोपचाराची पेटी, थोडा दोर. वरून येत असाल तर जखमीच्या बरोब्बर डोक्यावरून कधीच उतरू नका. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, तुमच्या बुटाने सुटलेला मुठीएवढा दगड खाली पोचेपर्यंत गोळी झालेला असतो. बाजूने आडवे या. दगड सुटलाच तर घसा फोडून 'दगड!' ओरडा.

पोचलात की दहा श्वास घ्या आणि आजूबाजूला पाहा. वर सैल दगड आहे का, ओढ्याचं पाणी वाढतंय का, कड्याला आग्यामोहोळ लटकलंय का. मोहोळ उठलेलं असेल तर अंधार पडेपर्यंत थांबावं लागतं. अंधारातही टॉर्च त्या दिशेने मारायची नाही, माश्या उजेडावर येतात.

मग जखमी. नाव विचारा, स्वतःचं सांगा. आधी वाहणारं रक्त दाबून धरा, मग श्वास, मग मान आणि पाठ, मग हाडं. पाय मोडला असेल तर कारवीच्या काठ्या आणि कॅरीमॅट यांचा उत्तम आधार बनतो. बांधल्यावर बोटं गरम आहेत का, स्पर्श कळतोय का ते दर पंधरा मिनिटांनी पाहा. डोक्याला किंवा पोटाला मार असेल, शुद्ध हरपत असेल, तर तोंडाने काहीही देऊ नका. उन्हाळ्यात कोसळलेला माणूस तापलेला, बडबडणारा असेल तर आधी सावलीत नेऊन पाण्याने अंग भिजवून वारा घाला, थंड करा. उचलायची घाई नंतर. सर्पदंश असेल तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. दंशाची वेळ लिहा, तो अवयव हलू देऊ नका आणि माणसाला एक पाऊलही चालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं औषध रुग्णालयातच आहे. साप पकडून नेण्याच्या फंदात पडू नका.

पावसात भिजलेला माणूस आपल्या सह्याद्रीतही थंडीने मरू शकतो. ओले कपडे काढा, कोरडं घाला, मेणकापडात गुंडाळा, अंगाखालीही घाला. बोलणं अडखळायला लागलं किंवा थरथर अचानक थांबली तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका, ते बिघडल्याचं लक्षण आहे.

दोर लागलाच तर

याबद्दल लेख वाचून शिकू नये, म्हणून थोडक्यात. जखमी आणि स्ट्रेचर मिळून शंभर किलोच्या आसपास वजन होतं. त्यासाठी नेहमी दोन दोर, दोन वेगवेगळ्या आधारांवर: एक वजन घेणारा, दुसरा पहिला तुटला तर धरणारा. आपला कातळ लाव्हाच्या थरांचा. दोन थरांच्या मधे तांबड्या मातीसारखा ठिसूळ पट्टा असतो, त्यात ठोकलेल्या खिळ्यावर भरवसा ठेवू नका. कड्यावरच्या पिंपळाची मुळं जाड दिसतात म्हणून त्याला दोर बांधू नका, ती भेगेत किती खोल गेलीत ते आधी पाहा. कोणतीही गाठ दुसऱ्याने हात लावून तपासल्याशिवाय वजन टाकायचं नाही. वीस वर्षांचा अनुभव असलेल्याचीही गाठ तपासायची, आणि त्याला त्याचा राग येता कामा नये. हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांत, निश्चल लटकून राहिलेल्या माणसाला मात्र ताटकळत ठेवता येत नाही. पाय हलवत राहायला सांगा आणि त्याला आधी मोकळा करा.

स्ट्रेचर

एका वेळी सहा जण उचलतात. म्हणून सहा माणसं पुरतील असं वाटतं. अठरा असतील तर बरं, चोवीस असतील तर उत्तम. दिवसा रिकाम्या हाताने तासाभरात उतरणाऱ्या वाटेला चार-पाच तास धरा.

बांधताना गुडघ्यांखाली कपड्याची गुंडाळी, कंबरेच्या पोकळीत टॉवेल, टाचांखाली मऊ काहीतरी घाला. टाचा कठीण पट्टीवर टेकल्या की दोन तासांनी माणूस मोडलेल्या पायापेक्षा टाचेनेच जास्त कण्हतो. पट्टे छातीवर सैल, मांड्यांवर घट्ट. हात आत, पण एक हात मोकळा राहिला तर धीर राहतो. चेहऱ्यावर पाऊस पडू नये म्हणून टोपी किंवा छत्री, चष्मा असेल तर चष्मा लावा. काही न दिसता हेलकावत जाण्याची भीती फार असते.

उतारावर पाय पुढे, डोकं वर. डोक्यापाशी एक माणूस, तो वजन घेत नाही. त्याचं लक्ष फक्त जखमीच्या चेहऱ्याकडे, आणि 'उचला', 'चला' हे हुकूम फक्त त्याचे. 'थांबा' मात्र कुणीही म्हणायचं, आणि म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं, का ते नंतर विचारायचं. दर पाच-सात मिनिटांनी पुढची जोडी बाहेर, मागून नवी जोडी आत, स्ट्रेचर खाली न टेकवता. 'मी दमलो नाही' म्हणणाऱ्यालाही बदला. दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे ठेचकाळल्यावरच कळतं.

घसारा किंवा ओढ्यातले मोठे धोंडे आले की चालणं बंद. तिथे दोन रांगा करून, प्रत्येकाने आपापल्या जागी पाय रोवून बसायचं आणि स्ट्रेचर हातांवरून पुढे सरकवायचं. मागचे मोकळे झाले की बाजूने पुढे येऊन रांगेला जोडले जातात. एका रात्री अशाच रांगेत माझ्या शेजारी पन्नाशीतला एक ठाकर मामा होता. अनवाणी, डोक्यावर पोत्याची खोळ. स्ट्रेचर माझ्या हातांवर आलं की तो आपला गुडघा माझ्या गुडघ्यामागे टेकवायचा, मी मागे घसरू नये म्हणून. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. वाडीतल्या बाळंतिणींना झोळीतून खाली नेताना तो हेच करत आलेला होता. आता आमच्या सरावात ते 'मामाचा गुडघा' म्हणूनच शिकवतो.

हवाली करताना

अ‍ॅम्ब्युलन्सचे डॉक्टर समोर आले की गोष्ट सांगत बसू नका. कधी पडला, किती उंचीवरून, आम्हाला कसा सापडला, आम्ही काय केलं, वाटेत काय बदललं, एवढंच. हे कागदावर लिहून द्या आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. एकदा एका रुग्णालयात आम्ही सगळं तोंडी सांगून आलो. रात्री पाळी बदलली. शुद्ध मधे पाच मिनिटं हरपली होती ही गोष्ट सकाळपर्यंत कुणालाच माहीत नव्हती. तेव्हापासून दोन कागद, एक त्यांच्या हातात आणि एक जखमीच्या नातेवाइकाच्या खिशात.

माणूस गेलेला असेल तर पोलीस येऊन पंचनामा होईपर्यंत मृतदेह हलवायचा नाही. कडा इतका अवघड असेल की पोलीस पोचूच शकत नाहीत, तर त्यांच्याशी बोलून, त्यांच्या सांगण्याप्रमाणेच हलवायचा. झाकून ठेवा. कुणीतरी शेजारी बसून राहा. फोटो कुणीही काढायचा नाही. पोलिसांना हवा असेल तर ते काढतील. वाडीतला पोरगा मोबाइल काढायला लागला तर त्याला रागावू नका, खांद्यावर हात ठेवून बाजूला घ्या.

परतल्यावर

घरी पोचता-पोचता सोमवारची सकाळ होते आणि लोक कामाला निघालेले असतात. तरी त्याच आठवड्यात एकदा सगळे भेटा. काय चुकलं ते बोला, आणि जो गप्प बसलाय त्याला नंतर एकट्याला फोन करा. पहिल्यांदा मृतदेह उचललेल्या पोराला तर तिसऱ्या आणि दहाव्या दिवशीही.

सामान त्याच दिवशी पाहा. हातमोजे आणि स्ट्रेचरचे पट्टे रक्त लागलं असेल तर वेगळे धुवा. दोर साध्या पाण्यात, साबणाशिवाय धुवून गॅलरीत सावलीत वाळवा, उन्हात नको. वाळला की एका टोकापासून सुरू करून अख्खा दोर दोन बोटांतून ओढा, डोळे मिटून. फुगवटा, मऊ पडलेली जागा, चपटा तुकडा बोटांना लागतो, डोळ्यांना दिसत नाही. साठ मीटरला मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दोराच्या वहीत तारीख, ठिकाण, किती वजन घेतलं ते लिहा. बोट कुठे अडलं आणि शंका आली तर तो दोर तिथेच, त्याच वेळी, कात्रीने दोन-दोन मीटरचे तुकडे करून टाका, म्हणजे पुढच्या कॉलच्या घाईत कुणी चुकूनही तो पिशवीत भरणार नाही.